हजेरीत नाव आहे, मग संघात का नाही? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात बाहेरगावाहून आलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशाबद्दल लिहिलं होतं, त्यावर पत्रं आणि मेसेज भरपूर आले. पण बऱ्याच जणांनी वेगळंच विचारलंय, की प्रवेश झाला हो, पुढे काय? पोरगं शाळेत येतं, खिचडी खातं, वहीत लिहितं, आणि गॅदरिंग, खेळ, सहल, भाषण असं काही निघालं की मागे जाऊन बसतं. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण शाळा आपली वाटायला लागते ती वर्गात कमी आणि मैदानावर जास्त. म्हणून या वेळचं अख्खं सदर यावरच. नावं छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय त्यामुळे कुणाचंच छापलेलं नाही, गाव किंवा तालुका तेवढा दिलाय.

प्रश्न (शिक्षिका, यावल तालुका): ताई, माझी जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत. आजूबाजूला सगळ्या केळीच्या बागा, त्यामुळे सालदारांची (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्यांची) आणि केळी कापणाऱ्या मजुरांची पोरं आमच्याकडे बरीच, बहुतेक बारेला-पावरा आदिवासी, मध्य प्रदेशातल्या खरगोन-बडवाणीकडची. वर्गात हळूहळू रुळतात पण गॅदरिंगचा डान्स बसवायला घेतला की एकही पुढे येत नाही. पाचवीत एक मुलगी आहे, धाकट्या भावाला कडेवर घेऊन दाराशी उभी राहते आणि तिथूनच सगळं बघते. तिला स्टेप येतात, मी बघितलं, तिचे पाय बरोबर तालावर हलत होते, पण ये म्हटलं की पळून जाते. गावातले पालक म्हणतात, मॅडम ती पोरं दोन महिन्यांनी जातील, डान्स बिघडेल, त्यांना कशाला घेता. काय करू?

उत्तर: मॅडम, ती लाजत नाहीये हो, तिच्यावर जबाबदारी आहे. आई-बाप सकाळी लवकर बागेत जातात, घड कापायचे, वाहून आणायचे, गाडी भरायची, आणि गाडी भरल्याशिवाय सुट्टी नाही, तोवर धाकट्याला सांभाळायचं काम हिचं. तुम्ही प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर ठेवली असणार, बहुतेक शाळा तशीच ठेवतात, आणि नेमकं त्याच वेळी हिला पाणी भरायचं असतं, चूल पेटवायची असते. म्हणजे वेळच अशी निवडली गेली की हिला येता येऊ नये. तर सगळ्यात आधी वेळ बदला. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांचे तास वेळापत्रकात असतातच, ते गणित-भाषेला देऊन टाकायची पद्धत पडलीये, ते परत घ्या आणि डान्स त्यातच बसवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच म्हटलंय की अभ्यासाचं आणि अभ्यासाबाहेरचं अशी भिंत ठेवू नका, तेव्हा कुणी अधिकारी विचारायला आले तरी तुमच्याकडे उत्तर आहे. आणि भावाला आत घ्या. कोपऱ्यात सतरंजी टाका, चार ठोकळे ठेवा, सातवीच्या मुली आळीपाळीने बघतील त्याला. ‘भावाला घरी ठेवून ये’ असं चुकूनही म्हणू नका, घरी कुणीच नाहीये म्हणून तर तो कडेवर आहे.

दुसरी गोष्ट ड्रेसची. भाड्याचा ड्रेस दोनशे-तीनशे रुपये. गावातल्या पालकालाही तो जड जातो पण तो देतो. सालदाराच्या घरी हा विषय निघतच नाही, कारण पोरगी घरी सांगतच नाही, ती शाळेतच ‘मला नाही नाचायचं’ म्हणून मोकळी होते आणि आपण समजतो तिला आवड नाही. त्यामुळे पैसे आणायला सांगायच्या आधी ठरवून टाका की डान्स गणवेशावरच, कमरेला एकसारखी ओढणी बांधायची, ती गावातून गोळा होते. सगळ्यांनाच तसं, फक्त या पोरांना नाही, नाहीतर गणवेशातली कोण आणि झगमग ड्रेसमधली कोण हे स्टेजवरूनच दिसेल.

आता ‘दोन महिन्यांनी जातील’ याचं. मॅडम, तुमच्या भागात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरतं आणि पुढच्या आखाजीला संपतं, हे त्या पालकांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये, कारण साल त्यांनीच ठरवलेलं असतं. आखाजी एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेमध्ये येते. म्हणजे सालदाराचं पोरगं जूनपासून परीक्षेपर्यंत पूर्ण वर्ष तुमच्याच शाळेत आहे. कापणीच्या टोळ्या फिरतात हे खरं, त्यांची पोरं मध्येच जाऊ शकतात. त्यासाठी जोड्यांचा डान्स बसवूच नका, एक गेलं की जोडी मोडते, दुसरंही रडतं. गोलाचा बसवा. गोलातून एक पोरगं गेलं तर गोल थोडा लहान होतो, बाकी काही बिघडत नाही.

तरीही कुणी वाद घातलाच तर त्यांना शांतपणे सांगा की गावातली निम्मी पोरं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसून जातात, या पोरांमुळे शाळेचा पट टिकलाय, पट टिकलाय म्हणून शिक्षक टिकलेत. हे कुणालाही पटतं. कायदा त्यानंतर काढा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ९ मध्ये स्पष्ट आहे की स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचे प्रवेश करून घेणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी, आणि दुर्बल, वंचित घटकातल्या मुलाशी शाळेत भेदभाव होऊ द्यायचा नाही हीसुद्धा. पटावर घेतलं आणि स्टेजवर नको म्हटलं तर तो भेदभावच झाला ना.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. पावरा पोरं दिसली की त्यांना डोक्याला मोरपीस आणि कमरेला घुंगरू बांधून ‘आदिवासी नृत्य’ द्यायचं, हे बऱ्याच शाळांत होतं, चांगल्या हेतूनेच होतं, पण आधी पोरांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारा. होळीला सातपुड्यात जो साज चढवतात त्यामागे घरात नेम पाळलेले असतात, तो डिसेंबरमध्ये स्टेजवर घालायला त्यांना आवडेलच असं नाही. काहींना आवडेल, अभिमानाने करतील, ढोल कसा वाजवायचा हे तुम्हालाच शिकवतील. काहींना बाकी वर्गासारखाच सिनेमाच्या गाण्यावर नाचायचंय. मग नाचू द्या. दरवर्षी त्यांना तेवढंच एक काम दिलं तर ती पोरं शाळेची न राहता शाळेत आलेली पाहुणी राहतात.

आणि डान्सच्याही आधी खो-खो घ्या. आठ जण बसलेले, एक पळतोय, आणि बोलायचा शब्द एकच. मराठी येत नसलेलं पोरगंसुद्धा पहिल्याच दिवशी पूर्ण खेळतं. त्यात तोल, चपळाई, वाकून वळणं हे या पोरांकडे असतंच, बागेत वाढलेली असतात. एकदा का त्याने गावातल्या पोराला खो दिला, त्याने याला दिला, नावं पाठ झाली की मग बाकीचं सोपं जातं. संघ निवडताना दोन कॅप्टन उभे करून ‘मी याला घेतो, मी त्याला घेतो’ असं करू नका, त्यात शेवटी कोण उरतं हे दरवेळी ठरलेलं असतं आणि ते उभं राहून ऐकणं फार वाईट. हजेरीचे नंबर घ्या, सम इकडे विषम तिकडे.

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असायला लागतात, त्यात वंचित घटकाच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या असंही कायद्यात आहे. पुढच्या वेळी एक सालदार किंवा त्याची बायको त्यात घ्या. मिटिंग मात्र दुपारी बाराला ठेवू नका, संध्याकाळी सातला ठेवा, नाहीतर कागदावर नाव आणि खुर्ची रिकामी.

प्रश्न (क्रीडाशिक्षक, जळगाव): आमच्याकडे एमआयडीसीतल्या चटई आणि पाइपच्या कारखान्यात काम करणाऱ्या यूपी-बिहारच्या घरांतली मुलं आहेत. एक मुलगा ४०० मीटर असा पळतो की मी इतक्या वर्षांत कमी बघितलेत. प्रवेश झाला तेव्हा वडिलांनी वय तोंडी सांगितलं, जन्मदाखला नाही. आता १४ वर्षांखालच्या स्पर्धेला नाव पाठवायचं तर कागद मागतात. एक जण म्हणाला दाखला ‘करून’ देतो. घेऊ का?

उत्तर: सर, तो दाखला अजिबात घेऊ नका. त्या पोराच्या चांगल्यासाठीच सांगते. चुकीची जन्मतारीख एकदा कागदावर चढली की ती दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत जाते, पुढे भरती, पासपोर्ट, सगळीकडे आधारशी जुळत नाही आणि दोष त्या पोरावर येतो. स्पर्धेत सापडला तर संघच बाद.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शाळेत प्रवेश द्यायला जन्मदाखला नाही म्हणून अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ तेच सांगतं, आणि दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही, ते कलम ५. पण शालेय स्पर्धा १४, १७, १९ अशा वयोगटात असतात, तिथे वयाचा पुरावा मागणारच आणि मागायलाही पाहिजे, नाहीतर समोरच्या लहान पोरावर अन्याय होतो. तर कागद खरा करून घ्यायचा. जन्म जिथे झाला तिथलीच नोंद लागते, जळगावात बसून ती होत नाही. दवाखान्यात जन्म झाला असेल तर बहुधा नोंद असतेच, फक्त कुणी दाखला काढलेला नसतो, गावी असलेल्या काका-आजोबांना ग्रामपंचायतीत पाठवलं तरी काम होतं. घरी जन्म झाला आणि नोंदच नसेल तर उशिराची नोंद करता येते, पण वर्षाच्या वर झालं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे वेळ जातो. लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद असं काही घरात असेल तर शोधायला सांगा, उपयोगी पडतं. ही लोकं उन्हाळ्यात नाहीतर छठला गावी जातातच, तेव्हाच हे काम सांगून ठेवायचं. आणि दरवर्षी जूनमध्येच अशा सगळ्या पोरांचे कागद बघून घ्या, ऑगस्टमध्ये स्पर्धेचं पत्रक आल्यावर धावपळ करून काही होत नाही.

या वर्षी नाही जमलं तरी त्याला पळवणं थांबवू नका. शाळेच्या स्पर्धेत पळू द्या, आंतरवर्गात पळू द्या, रोज सकाळी तुमच्याबरोबर येऊ द्या. बूट नसतील. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून सरकारी शाळांना खेळाच्या साहित्यासाठी दरवर्षी पैसे येतात, प्राथमिकला पाच हजारांपर्यंत, उच्च प्राथमिकला दहा हजारांपर्यंत. तुमची शाळा त्यात बसत असेल तर त्या पैशांतून एखादा जोड बसतो का ते मुख्याध्यापकांशी बोलून बघा, बसत नसेल तर माजी विद्यार्थ्यांना सांगा, एका जोडासाठी कुणी नाही म्हणत नाही.

आणि वडिलांना भेटायला तुम्हीच जा. ते बारा तासांच्या शिफ्टमध्ये आहेत, शाळेत बोलावलं तर एक हजेरी जाते. शिफ्ट बदलायच्या वेळी गेटवर दहा मिनिटं भेटा, हिंदीत बोला, पोरगं किती चांगलं पळतं ते सांगा, पुढे वरच्या पातळीवर खेळलं तर दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात तेही सांगा. शाळेतून कुणी तक्रार न घेता कौतुक घेऊन आलंय हे त्या माणसाला बहुतेक पहिल्यांदाच ऐकायला मिळेल.

प्रश्न (एक आई, जळगाव): आम्ही बंगालमधल्या मेदिनीपूरचे, मिस्टर सोन्याच्या कामात कारागीर. मुलगी इथेच वाढली, सातवीत आहे, मराठी छान लिहिते. वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं तर वर्गात तिच्या उच्चारांवर हसले, ‘स’चा ‘श’ होतो म्हणून. तिने नाव काढून घेतलं. (हे पत्र तिनेच लिहून दिलंय.)

उत्तर: ताई, पत्रात शुद्धलेखनाची एक चूक नाही, हे तिला आधी सांगा.

नाव परत द्यायला लावा. नंदुरबारचा शिरीषकुमार आपल्या सगळ्या पोरांना माहीत आहे, ९ सप्टेंबर १९४२ ला हातात तिरंगा घेऊन गोळ्या झेलल्या, शाळकरी पोरगा. त्याच्या घरी गुजराती बोलायचे आणि त्या दिवशी मिरवणुकीत ‘नहीं नमशे, नहीं नमशे’ ही घोषणा गुजरातीतच होती. खान्देशने कधी म्हटलं नाही की हा आपला नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवायला आले ते मूळचे कोकणातल्या पालगडचे, पोरांसाठी त्यांनी १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढलं ते इथेच राहून. तिला भाषणाचा विषय हवा असेल तर हे दोन आहेत.

आणि वर्गशिक्षकांना माझी विनंती, हसणाऱ्यांना रागवून गप्प करण्यापेक्षा एक तास असा घ्या की प्रत्येकाने आपल्या घरच्या बोलीत दोन मिनिटं बोलायचं, अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, तावडी, बंगाली, जे असेल ते. आपलीच खेड्यातली पोरं धुळ्या-जळगावच्या शाळेत गेली आणि तोंडातून ‘मना’, ‘तुना’ निघालं की वर्ग हसायचा, हे ज्यांनी भोगलंय ते पालक आज त्याच वर्गातल्या पोरांचे आईबाप आहेत. त्यांना एकदा आठवण करून दिली तर घरीच समज देतील. स्पर्धेत परीक्षकांनाही आधी सांगता येतं की गुण मुद्द्यांना आणि मांडणीला द्या.

प्रश्न (एक आजी, भुसावळ): माझी मुलगी-जावई न्यू जर्सीला असतात. नातू आठवीपर्यंत पुण्यात होता, आता तिथे नववीत. मार्क चांगले आहेत पण शाळेतून सरळ घरी आणि खोलीचं दार बंद. मित्र नाही कुणी. मुलगी म्हणते अभ्यास बरा आहे ना, मग झालं. मला चैन पडत नाही.

उत्तर: मावशी, तुमची काळजी रास्त आहे. वर यावलच्या मॅडमनी जे लिहिलंय तेच हे, फक्त देश वेगळा. तिकडच्या अभ्यासांतही हेच दिसतं की बाहेरून आलेल्या घरातली पोरं शाळेच्या टीममध्ये, क्लबमध्ये कमी असतात, पहिल्या पिढीत जास्त कमी आणि मग पुढे वाढत जातात. कारणंही ओळखीचीच, आईबाप दोघं कामावर, आणायला-सोडायला कुणी नाही, फी किती असते माहीत नाही, नाव कुठे द्यायचं माहीत नाही, आणि घरात ‘आधी अभ्यास’.

तिकडच्या हायस्कूलमध्ये शाळा सुटल्यावर टीम आणि क्लब शाळाच चालवते, बाहेर वेगळा क्लास लावायला लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला बऱ्याच शाळांत सगळ्या क्लबांची माहिती एका ठिकाणी मांडतात, तो दिवस चुकला असेल तर शाळेच्या काउन्सेलरला विचारायचं, त्याचं कामच ते आहे. बास्केटबॉल, सॉकरसारख्या टीममध्ये निवड चाचणी असते, नवख्या पोराला ते भारी जातं. पण लांब पल्ल्याचं पळणं, ट्रॅक याच्या टीममध्ये बऱ्याच शाळा कुणाला काढत नाहीत, जो येईल तो पळतो, नव्याने आलेल्या पोरासाठी सगळ्यात सोपी वाट तीच. खेळाच्या आधी डॉक्टरची तपासणी करून फॉर्म द्यावा लागतो, न्यू जर्सीत ती वर्षाच्या आतली असायला लागते, आणि पहिला सीझन ऑगस्टमध्येच सुरू होतो, म्हणून उन्हाळ्यातच करून ठेवायला सांगा. फी असली तर काही शाळा माफही करतात, विचारायला लाजायचं नाही. काही ठिकाणी उशिराची बस असते, ती आहे का ते आधी बघायला सांगा, कारण तिकडे येण्याजाण्यावरच निम्मं अडतं.

व्हिसामुळे अडेल का अशी शंका काही घरांत असते. आईबापाच्या व्हिसावर गेलेल्या पोराला तिकडे पगाराचं काम करता येत नाही, पण शाळेची टीम, बँड, क्लब याला आडकाठी नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तर १९८२ मध्ये टेक्सासच्या प्रकरणात ठरवून टाकलंय की कागद नसलेल्या मुलालाही सरकारी शाळा नाकारता येणार नाही.

मुलीला पटवायचं असेल तर हेही सांगा की तिकडच्या कॉलेजच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या अर्जात अशा गोष्टी लिहायला दहा जागा असतात. पण नातवाला हे सांगू नका, त्याला तेही मार्कांसारखंच ओझं वाटेल. त्याला विचारा पुण्यात काय खेळायचास, कोण होते सोबत, ते बोलता बोलता त्याचं तोच सांगेल काय राहून गेलंय.

प्रश्न (शिक्षक, चाळीसगाव तालुका): वीटभट्टीवरची पाच-सहा मुलं सहलीला येत नाहीत. पैशांचा प्रश्न आहे, पण फुकट नेतो म्हटलं तरी आईबाप सोडत नाहीत.

उत्तर: अनोळखी गावात अनोळखी माणसाबरोबर पोरगी पाठवायची, कुणीही घाबरेल. एका आईला किंवा आजीला सोबत घ्या, मजुरी बुडेल तेवढी वर्गणीतून द्या, बाकीच्या घरांचा भरवसा आपोआप बसतो. आणि सहल लांबची कशाला, तुमच्या तालुक्यातच पाटणादेवी आहे, भास्कराचार्यांचं नाव जिथे सांगतात ते ठिकाण, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. एसटी शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत देते, ती घेतली की सगळ्यांचीच वर्गणी कमी होते आणि ‘फुकटवाली पोरं’ अशी वेगळी यादी करायला लागत नाही. ती यादी वर्गात कधीच वाचू नका.

प्रश्न (वडील, नरडाणा): मी बिहारचा, इथे कंपनीत आहे. मुलगा कबड्डीच्या मागे लागलाय. खेळत बसला तर मराठी शिकणार कधी, पास होणार कधी?

उत्तर: भाऊ, मराठी तो तिथेच शिकेल. वर्गात त्याला दिवसातून दोन वाक्यं बोलायला मिळतात, मैदानावर तासभर बोलायला लागतं, ओरडायला लागतं, भांडायला लागतं. अभ्यासाची वेळ घरात ठरवून द्या आणि खेळू द्या.

प्रश्न (वडील, अक्राणी तालुका, नंदुरबार): आम्ही दिवाळी झाली की बारडोली-मढीकडे ऊसतोडीला जातो. पोरगी सहावीत, लेझीम पथकात चांगली खेळते. या वर्षी सर म्हणाले तू २६ जानेवारीला नसणार म्हणून तुझ्याऐवजी दुसरी घेतो. पोरगी जेवली नाही दोन दिवस. मुकादमाची उचल घेतलीये, जायला तर लागेलच.

उत्तर: दादा, उचल घेतल्यावर जायला लागतं हे मला समजतंय, तुम्हाला दोष देण्यासारखं काही नाही. पण पोरीने जायलाच पाहिजे असं नाही. ऊसतोडीच्या महिन्यांसाठी शाळेच्या गावातच हंगामी वसतिगृह सुरू करायची सोय सरकारने ठेवलीये, पोरं तिथे राहतात, जेवण मिळतं, शाळा चालू राहते. त्यासाठी स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी आधी द्यावी लागते, म्हणून दिवाळीची वाट न बघता आत्ताच मुख्याध्यापकांकडे जा आणि तुमच्या पाड्यावरून आणखी कोण कोण जाणार आहे त्यांनाही सोबत न्या, एकट्यापेक्षा दहा जणांचं लवकर ऐकतात. आजी घरी असेल आणि पोरगी तिच्याजवळ राहायला तयार असेल तर ते तर सगळ्यात चांगलं. पोरगी सोबत न्यायची म्हणजे पडावावर तिला कुणी शाळेत घालेल याची खात्री नाही, तिथली शाळा गुजराती, आणि सहावीतली पोरगी सोबत असली की हळूहळू तिच्याही हातात वाढे गोळा करायचं, मोळी बांधायचं काम येतं, हे तुम्हाला माहीत आहे.

न्यावीच लागली तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय निघू नका. त्यात ती कितवीत आहे, काय काय येतं हे लिहिलेलं असतं, ते दाखवून तिथल्या शाळेत बसवता येतं आणि परत आल्यावर इथे तिचा वर्ग तोच राहतो. सरांना सांगा त्यावर लेझीम पण लिहा. कार्डात तसा रकाना नसेल तर मागच्या बाजूला लिहा.

आता सरांसाठी. सर, तुम्हाला २६ जानेवारीला पूर्ण पथक पाहिजे, ते मी समजू शकते. पण तुमच्या शाळेतली कितीतरी पोरं दिवाळीनंतर जाणारच, आणि आपले सगळे मोठे कार्यक्रम, गॅदरिंग, प्रजासत्ताक दिन, शाळेच्या स्पर्धा, नेमके त्याच महिन्यांत ठेवलेले आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या शाळेचं वर्ष तिथल्या माणसांप्रमाणे आखायला काय हरकत आहे? जून ते ऑक्टोबर ही सगळी पोरं हजर असतात, तर मोठा कार्यक्रम १५ ऑगस्टला करा, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा या पोरीला पुढे उभी करा, ताल तिलाच देऊ द्या. जानेवारीत राहिलेल्या पोरींना घेऊन लहान पथक करा, आणि त्या पोरींना शिकवायचं काम ऑक्टोबरपर्यंत हिलाच द्या, म्हणजे ती नसली तरी तिनेच बसवलेले डाव असतील.

दादा, हे सगळं सरांना तोंडी सांगायला अवघड जात असेल तर हा अंक घेऊन जा आणि हे पान दाखवा. वसतिगृहाचं काही अडलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा, पोरगी सहावीत आहे, तीच लिहून देईल.